विमानात फोन फ्लाइट मोडवर टाकलाच नाही, तर नेमकं काय होतं?

विमान मुंबईत उतरतंय. खिडकीतून घाटकोपर-कुर्ल्याची घरं इतकी जवळ दिसतायत की पत्र्यांवर टाकलेली निळी ताडपत्रीसुद्धा ओळखू येते. सीट सरळ, पट्टे बांधलेले, केबिनमधले दिवे मंद. चाकं अजून धावपट्टीला टेकलेली नाहीत आणि चौदाव्या रांगेतून ‘टिंग’ असा आवाज येतो. मग सोळाव्या रांगेतून. मग एकदम तीन-चार ठिकाणांहून. तास-दीड तासात साठलेले फॅमिली ग्रुपवरचे मेसेज धडाधड पडायला लागतात.

या ‘टिंग’चा अर्थ सरळ आहे. उड्डाणाआधी केबिन क्रूनं फोन फ्लाइट मोडवर टाकायला सांगितलं, तेव्हा या मंडळींनी मान डोलावली, फोन मांडीवर उपडा ठेवला आणि क्रू दोन रांगा पुढे गेल्यावर पुन्हा उचलला. काहींनी जॅकेटखाली धरून शेवटचा रील पाहिला. काहींनी “हो, बसलोय, सुटेल आता” असं कुजबुजत फोनवर सांगितलं, जणू एसटीच निघालीय. काही जण खरंच विसरले.

आणि विमान तर व्यवस्थित उतरलं.

इथूनच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “काही होत नाही हो, उगाच घाबरवतात. एवढं धोक्याचं असतं तर फोन आत नेऊ दिले असते का?” दुसऱ्या पक्षाला वाटतं, शेजारच्यानं फोन चालू ठेवला की विमान भरकटणार. दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. खरी गोष्ट मधे कुठेतरी आहे, आणि तिची सुरुवात मोबाइलपासून होतच नाही. ती होते रेडिओपासून.

एफएम रेडिओनं सुरू झालेली भानगड

१९५०च्या दशकात खिशात मावतील असे ट्रान्झिस्टर बाजारात आले आणि लोक ते विमानात घेऊन बसायला लागले. आता रेडिओ तर फक्त ऐकायचं यंत्र. तो कुठे काय प्रक्षेपित करतो? तर करतो. थोडंसं.

एफएम रेडिओला एखादं स्टेशन पकडायचं असेल, तर तो आतल्या आत स्वतःची एक लहर तयार करतो. ही लहर बहुतेक रेडिओंमध्ये स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झनं वरची असते. मुंबईचंच उदाहरण घ्या. ९८.३ मेगाहर्ट्झवर रेडिओ मिरची लावलात, तर तुमच्या रेडिओच्या पोटात १०९ मेगाहर्ट्झची लहर तयार होते आणि तिचा थोडा अंश बाहेर गळतो. विमानाला दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रांचे आणि धावपट्टीच्या मध्यरेषेचे सिग्नल नेमके १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात. म्हणजे प्रवासी गाणी ऐकतोय आणि त्याचा रेडिओ पायलटच्या होकायंत्राच्या कानात कुजबुजतोय, असा प्रकार.

त्यामुळे १९६०च्या दशकात अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं, म्हणजे एफएएनं, नियम केला की प्रवाशांनी विमानात इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरायची नाहीत. त्यातून सूट मिळालेल्या वस्तूंची यादी मजेशीर आहे. श्रवणयंत्र, हृदयाचा पेसमेकर, आवाज टिपायचा रेकॉर्डर आणि इलेक्ट्रिक रेझर. हृदय चालू ठेवण्याच्या रांगेत दाढी करणंही बसलं. बाकी कोणतं उपकरण चालेल हे ठरवायची जबाबदारी विमान कंपनीवर टाकली गेली. आजही अमेरिकेच्या नियमाचा गाभा हाच आहे.

मग मोबाइलवरची बंदी?

ही बंदी विमानासाठी नव्हतीच मुळी. ती होती जमिनीवरच्या टॉवरसाठी.

१९९१ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं, एफसीसीनं, उडत्या विमानातून ८०० मेगाहर्ट्झचे सेल्युलर फोन वापरायला मनाई केली. कारण मोबाइल नेटवर्कची सगळी रचना एका गृहीतकावर उभी असते. फोन जमिनीवर आहे, त्याला दोन-चारच टॉवर ‘दिसतात’ आणि तो एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत सावकाश जातो. तीच फ्रिक्वेन्सी दहा-वीस किलोमीटरवर दुसरा टॉवर खुशाल वापरतो, कारण मधे इमारती आहेत, टेकड्या आहेत.

फोन विमानात बसून वर गेला की हे गृहीतक कोसळतं. वरून त्याला एकदम शेकडो टॉवर दिसतात आणि तो त्या सगळ्यांच्या कामात थोडा थोडा अडथळा आणतो. शिवाय विमान ताशी ८०० किलोमीटरनं पळतंय. एका टॉवरनं हात धरेपर्यंत पुढचा येतो.

यातली गंमत अशी की ३५ हजार फुटांवर, म्हणजे साधारण साडेदहा किलोमीटर उंचीवर, फोन बहुतेक वेळा लागतही नाही. टॉवरचे अँटेना खाली झुकवलेले असतात, कारण त्यांची गिऱ्हाइकं खाली असतात. वर जातं ते फक्त उरलंसुरलं. फोनला हे कुठे माहीत असतं? टॉवर दूर आहे असं समजून तो पूर्ण ताकद लावून हाका मारत राहतो. फ्लाइट मोड विसरलेल्या माणसाची बॅटरी प्रवासात उतरते ती त्यामुळे. ढगात बसून फोन सगळा वेळ ओरडत असतो आणि उत्तर कुणीच देत नाही.

उड्डाणानंतरची आणि उतरण्याआधीची काही मिनिटं मात्र वेगळी. तेव्हा विमान खाली असतं, शहरावर असतं आणि नेटवर्क छान मिळतं. सगळी ‘टिंग टिंग’ त्याच वेळी होते. आणि पायलटसाठी सगळ्यात नाजूक मिनिटंही नेमकी तीच असतात.

पण फोनमुळे विमानाला काही होतं का?

ज्यांनी २००० ते २०१० या काळात घरात नोकिया वापरलाय, त्यांना एक आवाज आठवत असेल. फोन टीव्हीजवळ किंवा टेपरेकॉर्डरजवळ ठेवला असेल, तर कॉल यायच्या एक-दोन सेकंद आधी स्पीकरमधून ‘टर्र-टक्-टक्-टर्र’ असा आवाज यायचा. घरातलं कुणीतरी म्हणायचं, “बघ, फोन येतोय.” आणि यायचाच.

तो आवाज जुन्या जीएसएम फोनचा होता. हे फोन सलग बोलत नाहीत, तर सेकंदाला २१७ वेळा झटके देत सिग्नल सोडतात, आणि ते झटके जवळच्या स्पीकरच्या वायरमध्ये शिरतात. त्या फोनची कमाल ताकद दोन वॉट होती. हाच ‘टर्र’ पायलटच्या हेडफोनमध्येही ऐकू येऊ शकतो, आणि तसा तो आल्याचं पायलट सांगत आलेत. विमान त्यानं पडत नाही. पण कंट्रोल टॉवर उंचीचा किंवा धावपट्टीचा आकडा सांगत असताना मधेच टर्र झालं आणि एक आकडा नीट ऐकू आला नाही, तर तो पुन्हा विचारावा लागतो. उतरण्याच्या घाईत, एकामागोमाग एक विमानं रांगेत असताना, ही छोटी गोष्ट नाही.

आजचे ४जी फोन जास्तीत जास्त साधारण ०.२ वॉटवर चालतात, म्हणजे जुन्याच्या एक दशांश. विमानं तर याहून कितीतरी ताकदवान लहरी झेलत असतात. विमानतळाचं रडार असतं, शहरातले किलोवॉटमध्ये बोलणारे रेडिओ-टीव्हीचे मनोरे असतात. आधुनिक विमानाच्या वायरींवर संरक्षक आवरण असतं आणि तीव्र रेडिओ लहरींत यंत्रणा टिकते का, याची चाचणी घेऊनच विमानाला मंजुरी मिळते.

मग पुरावा काय सांगतो? एखादं मोठं प्रवासी विमान प्रवाशाच्या फोनमुळे कोसळलं, असं आजवर एकाही चौकशीत सिद्ध झालेलं नाही. संशय मात्र वेळोवेळी घेतला गेला.

जानेवारी २००० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून निघालेलं क्रॉसएअर कंपनीचं साब ३४० विमान काही मिनिटांत कोसळलं आणि त्यातले दहाही जण गेले. सुरुवातीला बोट मोबाइलकडे गेलं. चौकशीत निघालं वेगळंच. अंधारात विमान कुठल्या बाजूला कललंय, याचंच भान वैमानिकाला राहिलं नव्हतं.

६ जून २००३ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला एक छोटं चार्टर विमान धावपट्टीच्या आधीच जमिनीवर आदळलं. दहापैकी आठ जणांचा मृत्यू झाला. तपासात दिसलं की पायलटनं स्वतःच्या मोबाइलवरून घरी फोन लावला होता आणि शेवटच्या मिनिटांत तो कॉल चालू होता. विमान उंचीबाबत फसण्यात त्या फोनमुळे यंत्रानं चुकीचं दाखवल्याचा हात असू शकतो, असं तपास यंत्रणेनं अहवालात नोंदवलं. ‘असू शकतो’ हे शब्द महत्त्वाचे. इथे फोन प्रवाशाच्या मांडीवर नव्हता, कॉकपिटमध्ये यंत्रांपासून हातभर अंतरावर होता. आणि विमान जुनं, छोटं होतं.

आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना. २००३ ते २००९ या काळात प्रवाशांच्या उपकरणांमुळे गडबड झाली असावी, असं वैमानिकांना आणि क्रूला वाटलेल्या ७५ घटना तिनं नोंदवल्या होत्या. यात पुन्हा ‘वाटलेल्या’ आहे. कुणी सांगितलं की लॅपटॉप बंद करायला लावल्यावर काटा जागेवर आला. पण लॅपटॉपमुळेच काटा हलला होता, हे नंतर प्रयोगशाळेत दाखवून देणं जवळजवळ अशक्य. वायर कुठे सैल होती, विमान कुठे होतं, फोन कुठल्या सीटवर होता, हे सगळं पुन्हा तसंच जुळवायचं कसं?

एक प्रकरण मात्र कागदोपत्री पक्कं आहे. बोइंग ७३७ आणि ७७७ विमानांच्या कॉकपिटमधल्या हनीवेल कंपनीच्या काही डिस्प्ले स्क्रीन वाय-फाय बसवतानाच्या चाचण्यांत लुकलुकल्या आणि कोऱ्या झाल्या. उडत्या विमानात असं घडलेलं नव्हतं. तरीही एफएएनं २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १३०० हून अधिक विमानांमधले ते भाग पाच वर्षांत बदलायचा आदेश काढला. म्हणजे ‘काहीच होऊ शकत नाही’ हेही खरं नाही. होऊ शकतं, आणि ते कळल्यावर दुरुस्त केलं जातं.

लपून वापरणारे होते, म्हणून नियम बदलला

नियम असताना लोक किती पाळतात, हे शोधायला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी साधी युक्ती केली. रेडिओ लहरी मोजायचं यंत्र हँडबॅगेत घातलं आणि २००३ च्या अखेरीस ते ३७ विमानप्रवासांना घेऊन गेले. आजूबाजूच्यांना पत्ता नाही. यंत्रानं दाखवलं की एका फेरीत सरासरी एक ते चार मोबाइल कॉल केले जातायत. उडत्या विमानातून, बंदी असताना. लपून फोन वापरणाऱ्यांना लपवलेल्या यंत्रानं पकडलं, असा हा किस्सा. २००६ मध्ये ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या मासिकात तो छापून आला तेव्हा संशोधकांचा सूर काळजीचा होता.

पुढे स्मार्टफोन आले आणि आकडे आणखी फुगले. २०१३ मध्ये अमेरिकेत दोन उद्योग संघटनांनी केलेल्या पाहणीत ३० टक्के प्रवाशांनी कबूल केलं की त्यांचं एखादं उपकरण प्रवासात चुकून चालू राहिलं होतं. ‘चुकून’ म्हणणारे ३० टक्के, तर मुद्दाम ठेवणारे किती हा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

दरम्यान डिसेंबर २०११ मध्ये हॉलिवूड अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविन लॉस एंजेलिसला विमानातून उतरवला गेला. गुन्हा काय? विमान गेटवर उभं असताना फोनवरचा शब्दांचा खेळ बंद करायला तो तयार नव्हता. अमेरिकाभर चर्चा झाली. ई-बुक वाचायचं किंडल बंद करा म्हणतात, पण पायलट स्वतः कॉकपिटमध्ये आयपॅडवर नकाशे बघतात, हा कसला न्याय, असा प्रश्न पत्रकारांनी आणि खासदारांनीही लावून धरला.

शेवटी एफएएनं वैमानिक, विमान कंपन्या, विमान बनवणारे आणि मोबाइल उद्योग अशा सगळ्यांची समिती बसवली. समितीनं सांगितलं की बहुतेक प्रवासी विमानं या उपकरणांच्या लहरी सहन करू शकतात. ३१ ऑक्टोबर २०१३ ला घोषणा झाली की फ्लाइट मोडवर असेल, तर फोन आणि टॅब विमान सुटल्यापासून उतरेपर्यंत वापरता येईल. युरोपनं लगेच तेच केलं आणि २०१४ मध्ये आणखी पुढे जाऊन फ्लाइट मोडची सक्ती ठेवायची की नाही, हे विमान कंपन्यांवर सोडलं. भारतात डीजीसीएनं एप्रिल २०१४ मध्ये परवानगी दिली. त्याआधी आपल्याकडे फोन पूर्ण बंद करावा लागायचा.

आता कुणी विचारेल, मग विमानातून फोनवर बोलायला का देत नाहीत? काही कंपन्या देतात. २० मार्च २००८ ला एमिरेट्सच्या दुबई-कॅसाब्लांका विमानातून पहिला अधिकृत मोबाइल कॉल झाला. त्यासाठी विमानातच एक चिमुकला टॉवर बसवलेला असतो. टॉवर इतका जवळ असल्यावर फोनला ओरडावं लागत नाही, तो हळू आवाजात बोलतो, आणि कॉल उपग्रहामार्गे खाली जातो. अमेरिकेत एफसीसीनं २०१३ मध्ये असाच प्रस्ताव मांडला होता. २०२० मध्ये तो मागे घेतला. क्रूच्या संघटनांचा कडाडून विरोध होता आणि त्यातला एक मुद्दा रेडिओ लहरींचा नव्हताच. चार तास शेजारचा माणूस स्पीकरवर बोलत बसला तर भांडणं कोण सोडवणार, हा होता. शिवनेरीनं पुण्याला गेलेल्या कुणालाही हा मुद्दा पटेल.

पोखराचा तो व्हिडिओ

१५ जानेवारी २०२३ ला नेपाळमध्ये यती एअरलाइन्सचं विमान पोखरा विमानतळाजवळ कोसळलं. विमानातल्या सर्व ७२ जणांचा मृत्यू झाला, त्यात पाच भारतीय होते. त्यांच्यापैकी एक तरुण शेवटच्या क्षणांत फेसबुकवर लाइव्ह होता. हसरे चेहरे, खिडकीतून दिसणारं शहर, मग एकदम गडगडाट आणि ज्वाळा. तो व्हिडिओ भारतात लाखोंच्या फोनवर फिरला.

लाइव्ह चालू होतं म्हणजे फोन फ्लाइट मोडवर नव्हता, नेटवर्क होतं, हे उघड आहे. मग अपघात त्यामुळे झाला का, हा प्रश्न पडणंही साहजिक.

चौकशीचं उत्तर स्पष्ट आहे. उतरताना विमानाचे फ्लॅप आणखी खाली करायचे होते. त्यासाठीचा लिव्हर ओढण्याऐवजी शेजारचे दोन कंडिशन लिव्हर ओढले गेले. त्यानं दोन्ही इंजिनांचे पंखे अशा कोनात गेले की विमानाला पुढे ढकलणारी ताकदच संपली. काय झालंय हे वेळेत लक्षात आलं नाही आणि विमान पडलं. त्यात फोनचा काही संबंध नव्हता. तो मुलगा नवं शहर आपल्या मित्रांना दाखवत होता, एवढंच.

त्याच्यावर दोष ढकलणारी एखादी पोस्ट अजूनही तुमच्या फोनवर आली, तर ती चुकीची आहे.

मग नियम ठेवलाय कशासाठी?

विमान सुरक्षेत एक हिशोब चालतो. धोका अगदी छोटा असला, तरी तो टाळायला काहीच खर्च नसेल, तर टाळायचा. एका फोननं काही होत नाही हे मोजता येतं. पण १८० सीटच्या विमानात १८० वेगवेगळे फोन असतात. काही नवे, काही पडून फुटलेले, काही गल्लीतल्या दुकानात उघडून दुरुस्त केलेले. प्रत्येकाची लहर नेमकी कुठे गळतेय, हे कुणी तपासलेलं नसतं.

आणि एक यंत्र खरोखर नाजूक आहे. त्याला रेडिओ अल्टिमीटर म्हणतात. ते खाली लहर सोडतं, ती जमिनीवर आपटून परत येते आणि विमान जमिनीपासून किती फुटांवर आहे ते कळतं. धुक्यात, काही दिसत नसताना विमान उतरतं ते याच्या भरवशावर. याचं महत्त्व किती, हे २५ फेब्रुवारी २००९ ला अ‍ॅमस्टरडॅमला दिसलं. तुर्किश एअरलाइन्सचं ७३७ साधारण दोन हजार फुटांवर असताना एका अल्टिमीटरनं उंची उणे आठ फूट दाखवली. विमान जमिनीला टेकलंय असं समजून स्वयंचलित यंत्रणेनं इंजिनांची ताकद कमी केली. विमान शेतात कोसळलं, नऊ जण गेले. तिथे बिघाड यंत्राचाच होता, कुणाच्या फोनचा नव्हता. पण या एका आकड्यावर काय काय अवलंबून असतं, ते यातून कळतं.

हे अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतात. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ५जी सुरू होणार होतं ते ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे अगदी शेजारच्या गल्लीत. एअर इंडियानं १९ जानेवारीच्या दिल्लीहून न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबईहून नेवार्कला जाणाऱ्या फेऱ्या रद्द केल्या, त्या याच भीतीनं. इथे भीती प्रवाशांच्या फोनची नव्हती, विमानतळाभोवतीच्या टॉवरची होती. भारतात ५जीला ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ दिलंय, म्हणजे अंतर जास्त आहे. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागानं कंपन्यांना सांगितलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत या पट्ट्याचे टॉवर उभारू नका. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांना ५जीची रेंज कमी मिळण्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरं कारण रेडिओशी संबंधितच नाही. काही गडबड व्हायची तर ती बहुधा उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या वेळी होते. तेव्हा कानात इयरफोन असेल तर “बाहेर पडा” ही हाक ऐकू येत नाही. मांडीवरचा दीड-दोन किलोचा लॅपटॉप जोरदार ब्रेक लागल्यावर उडून पुढच्याच्या डोक्यात बसतो. म्हणून फोन चालतो, पण लॅपटॉप आत ठेवायला सांगतात.

आणि तिसरं कारण, ज्याची विमान कंपन्यांना आज खरी धास्ती आहे, ते म्हणजे बॅटरी. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानला उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानाला आग लागली. सगळे १७६ जण बाहेर पडले, विमान जळालं. संशय होता सामानाच्या कप्प्यातल्या पॉवर बँकवर. त्यानंतर कोरियानं वरच्या कप्प्यात पॉवर बँक ठेवायला बंदी केली. सिंगापूर एअरलाइन्सनं एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सनं ऑक्टोबर २०२५ पासून प्रवासात पॉवर बँक वापरणंच बंद केलं. म्हणून फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका, क्रूला बोलवा. सीटच्या लोखंडात बॅटरी चिरडली की ती पेटते. गुपचूप फोन वापरणारा नेमका इथे अडकतो, कारण हाक मारायची तर फोन हातात होता हे सांगावं लागतं.

भारतात आज काय चालतं?

फ्लाइट मोडवर फोन पूर्ण प्रवासात चालतो. फ्लाइट मोड लावल्यावर ब्लूटूथ पुन्हा चालू करून इयरफोन लावायला बहुतेक कंपन्यांची हरकत नसते. इंटरनेटसाठी केंद्र सरकारनं २०१८ मध्ये नियम केले आणि २०२० मध्ये पायलटच्या परवानगीनं वाय-फाय वापरायची मुभा दिली. नोव्हेंबर २०२४ च्या दुरुस्तीनुसार भारतीय हद्दीत ते तीन हजार मीटर, म्हणजे साधारण दहा हजार फुटांच्या वर गेल्यावरच सुरू होतं. एअर इंडियानं १ जानेवारी २०२५ पासून देशांतर्गत मार्गांवरच्या काही विमानांत ही सोय आणली.

फोटो आणि व्हिडिओचा गोंधळ मात्र अनेकांच्या डोक्यात आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कंगना रनौत चंदीगडहून मुंबईला आली, तेव्हा विमानातच कॅमेरेवाल्यांची झुंबड उडाली. डीजीसीएनं इशारा दिला की असा नियमभंग झाला तर त्या मार्गावरची ती फेरी दोन आठवडे बंद करू. मग सेल्फीही बंद का, अशी ओरड झाल्यावर लगेच खुलासा आला. साध्या प्रवाशाला फोटो-व्हिडिओ काढता येतो. सुरक्षेला बाधा येईल, गोंधळ होईल किंवा क्रूनं मनाई केली असेल, अशा वेळी नाही.

आणि सांगूनही फोन बंद केला नाही तर? पायलटची किंवा त्याच्या वतीनं क्रूनं दिलेली कायदेशीर सूचना न पाळणं हे बेशिस्त वर्तनात मोडतं. २०१७ पासून भारतात बेशिस्त प्रवाशांसाठी तीन पातळ्या आहेत. तोंडी वादावादीला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर जाण्याला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतेल अशा वागण्याला किमान दोन वर्षं विमानबंदी. लपवलेल्या फोनसाठी कुणी थेट नो-फ्लाय यादीत जात नाही. त्यावरून क्रूशी हुज्जत घालणारा मात्र जाऊ शकतो.

एक वेळ अशी येते जेव्हा फ्लाइट मोडही पुरत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दिल्लीला उतरताना बाहेर धुक्याशिवाय काही नसतं. पायलटला धावपट्टी शेवटच्या काही सेकंदांत दिसते, तोवर सगळा भरवसा यंत्रांवर. अशा वेळी प्रवाशांना सगळी उपकरणं पूर्ण बंद करायला सांगितलं जाऊ शकतं. एफएएनं २०१३ मध्ये सूट देतानाच ही अट ठेवली होती, आणि अशी वेळ साधारण एक टक्का उड्डाणांत येईल, असं म्हटलं होतं. तेव्हा घोषणा नेहमीच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात नसते. ती बहुधा पायलट स्वतः करतो, दोन-तीन वाक्यांत. तेवढी ऐकायला इयरफोन काढावे लागतात.